एक जूनची सकाळ

महाराष्ट्रात मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी जेवढे निरोप समारंभ होतात, तेवढे वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी होत नसतील. कारण सगळ्यांना माहीत आहे. एका पिढीच्या आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नव्हती, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकली. त्या साऱ्या मुलांची अठ्ठावन्न वर्षे कागदोपत्री एकदमच भरतात. जळगाव असो की धुळे, जिल्हा परिषदेच्या शाळेपासून तहसील कचेरीपर्यंत ३१ मे रोजी शाली, श्रीफळे आणि शेवभाजीच्या पंगती असतात. भाषणातले एक वाक्य ठरलेले असते: 'सर, आयुष्यभर खूप केलंत, आता आराम करा.'

एक जूनला सरांना नेहमीसारखी पाचलाच जाग येते. अंघोळ, देवपूजा, चहा, पेपर. सारे आटोपूनही साडेसातच वाजलेले असतात. पहिला महिना बरा जातो. शेगाव होते, मुक्ताईनगर होते, पुण्याला मुलाकडे आठ दिवस राहून होतात. मग पाऊस लागतो, घराबाहेर पडायला निमित्त उरत नाही आणि एके दिवशी तोंडून निघून जाते, 'करमत नाही.' हळूहळू दुपारची झोप लांबते, रात्रीची उडते. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सारले जाते. छातीत धडधडते म्हणून ईसीजी काढला तर तो नॉर्मल निघतो. घरचे चकित होतात. पेन्शन चालू आहे, पोरे मार्गाला लागली, आता कसली काळजी?

सरांचे दुःख पैशाचे नाही, आणि मन कमकुवत असल्याचेही नाही. तीस-पस्तीस वर्षे ज्या रोजच्या क्रमाने त्यांना उभे धरले होते, तो एका दिवसात काढून घेतला गेला आहे. हे निवृत्तांच्याच वाट्याला येते असेही नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात मे-जूनचे वादळ निसवलेली केळीबाग तासाभरात आडवी करून जाते. तलाठी येतो, पंचनामा होतो, नुकसानीचा आकडा लिहिला जातो. पण पहाटे ठिबकचा वॉल्व्ह फिरवायला जाणे, घडांवरून नजर फिरवणे, भावाची चौकशी, व्यापाऱ्याचा फोन, कापणीच्या मजुरांची जुळवाजुळव हा त्या शेतकऱ्याचा अख्खा दिवसही बागेबरोबर आडवा झालेला असतो, आणि त्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो. बारावीनंतर मुलगी पुण्याच्या वसतिगृहात गेली की आईचा सकाळचा डबा सुटतो. नीटसाठी एक वर्ष घरी थांबलेल्या मुलाचे मित्र पुढे गेलेले असतात, आणि त्याला कुणी हजेरी विचारत नाही. भुसावळचा निवृत्त लोको पायलट आयुष्यभर रात्रपाळीला शिव्या देत आला. आता हक्काची रात्र मिळाली, तर डोळ्याला डोळा लागत नाही.

यात शरीराचा वाटा मोठा आहे, तो आधी पाहू. झोप, भूक, शरीराचे तापमान, संप्रेरकांची चढउतार हे सारे चोवीस तासांच्या एका आतल्या घड्याळावर चालते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. हे घड्याळ रोज थोडे मागेपुढे सरकते आणि बाहेरच्या खुणांवरून पुन्हा जुळते. त्यात सर्वांत बलवान खूण सकाळच्या उजेडाची. मग जेवणाची वेळ, अंगमेहनत, माणसांची वर्दळ. नोकरी किंवा शेती असली की या खुणा न मागता मिळतात. त्या सुटल्या की काय होते ते खान्देशच्या उन्हाळ्यात फार लवकर दिसते. पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला, अकरापासून दारे-खिडक्या लावलेल्या, अंधाऱ्या खोलीत कूलर सुरू. कामावर जाणारा माणूसही या दिवसांत पेंगतो. ज्याला कुठे जायचेच नाही तो तीन तास झोपतो. रात्री एकपर्यंत मोबाइल, सकाळी उशिरा जाग, म्हणजे कोवळे ऊन गेले. आठवडाभरात घड्याळ सरकते, मन उदास होते आणि त्या उदासीची कारणे माणूस सुनेच्या बोलण्यात शोधत बसतो.

शेतीची वीजही हे घड्याळ असेच सरकवते. अनेक ठिकाणी कृषिपंपांना आलटूनपालटून दिवसा आणि रात्री वीज मिळते. रात्रीची पाळी असलेल्या दिवसांत शेतकरी बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून पाणी भरायला जातो आणि पाळी बदलली की पुन्हा दिवसाचा होतो. चर्चा युनिटांची आणि थकबाकीची होते. झोपेची थकबाकी कुणी मोजत नाही.

पण उजेड आणि झोप जुळली की सारे जुळले, असेही नाही. खान्देशाला गिरण्यांचा भोंगा चांगला माहीत आहे. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. या गिरण्यांच्या भोंग्यावर केवळ कामगारांचाच नव्हे, तर आसपासच्या घरांचाही दिवस लागत असे. गिरण्या बंद पडल्या, जळगावच्या मिलच्या जागी आज बाजारसंकुल आहे. बुडालेल्या पगाराबद्दल, थकलेल्या देण्यांबद्दल बरेच बोलले गेले. भोंग्याबरोबर घरातल्या माणसाचे काय गेले, हे समजून घ्यायला मात्र जरा दूर जावे लागते.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक गिरणीचे गाव होते. वस्ती दीडेक हजाराची. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सारे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला; १९३३ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्यांना वाटले होते, वेळ मोकळा मिळाला तर लोक वाचतील, संघटनेत भाग घेतील, चळवळ करतील. झाले उलटेच. गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. पेपर घेणारे कमी झाले. अभ्यासकांनी खिडकीत बसून रस्त्यावरची माणसे न्याहाळली, तर पुरुष संथ चालत होते, मध्येच थांबत होते. अनेकांनी घड्याळ बाळगणे सोडले. सकाळी काय केले असे विचारले तर धड सांगता येईना. बायका मात्र त्याच रस्त्याने झपझप जात होत्या. त्यांची मजुरी बुडाली होती, पण चूल, मुले आणि धुणे सुटले नव्हते.

याहोडाबाईंनी पुढे यावर आयुष्यभर विचार केला. नोकरी पगार देते हे उघड आहे. त्याखेरीज ती दिवसाला वेळेचा आराखडा देते, घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालून देते, एकट्याने न होणाऱ्या कामात आपला हात लावते, समाजात एक ओळख देते आणि हातपाय हलते ठेवते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे निवृत्तीच्या वेळी पगाराच्या बदल्यात पेन्शन देतात. बाकीच्या गोष्टींच्या बदल्यात शाल मिळते.

मारिएनथालची माणसे घड्याळ सोडत होती, साधारण त्याच काळात इकडे धुळ्यात नेमके उलटे काहीतरी घडत होते, तेही तुरुंगात. १९३२ च्या जानेवारीत सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि धुळ्याचा तुरुंग सत्याग्रहींनी भरला. विनोबा तिथे होते, साने गुरुजी होते, जमनालाल बजाज आणि गुलजारीलाल नंदा यांच्यासारखी मंडळी होती. घर, संसार, शाळा, सभा, खादीची फेरी हे सारे एका दिवसात सुटलेले. तुरुंगाचा स्वतःचा दिनक्रम असतोच, पण तो लादलेला. त्याच्याशी झगडण्यात किंवा कुढण्यात दिवस जातो. विनोबा स्वतः जात्यावर बसले. शिक्षा म्हणून समोर आलेले दळण कष्टाची भाकर म्हणून घेतले, आणि इतरांनाही सोबत घेतले. स्वयंपाकाचे कामही सत्याग्रहींनी अंगावर घेतले.

आणि रविवार ठरला. २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी विनोबा गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलले. दर रविवारी एक अध्याय या हिशेबाने १९ जूनला अठरावा संपला. अठरा रविवार, एकही चुकला नाही. साने गुरुजी समोर बसून शब्द न् शब्द उतरवून घेत होते. पुढे त्याचेच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेले. त्यातले तत्त्वज्ञान ज्याचे त्याने वाचावे. आम्हाला इथे त्याची बांधणी महत्त्वाची वाटते. वार पक्का होता. शेवट कुठे आहे ते पहिल्याच दिवशी ठाऊक होते. बोलणाऱ्याची वाट पाहणारे लोक होते, लिहिणाऱ्याच्या हाती दुसऱ्याच्या उपयोगाचे काम होते, आणि बाकीचे सहा दिवस दळण होते. चार भिंतींत अडकलेल्या माणसांना पुढचे चार महिने असे मिळाले.

साने गुरुजींना ही रीत नवी नव्हती. अमळनेरच्या छात्रालयात असताना ते मुलांसाठी रोज एक हस्तलिखित दैनिक काढत. सकाळी मुले ते वाचणार आहेत, एवढ्या कारणाने ते रात्री जागत. 'श्यामची आई'ही तुरुंगातच लिहिली गेली, नाशिकला, १९३३ च्या फेब्रुवारीत.

यातला मुद्दा असा की दिनक्रमात माणसाला धरून ठेवणारी गोष्ट घड्याळाचा काटा नसते. कुणीतरी आपली वाट पाहते आहे, ही असते. म्हणूनच एकट्याने भिंतीवर लावलेले वेळापत्रक चार दिवसांत गळून पडते, आणि जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी सहाला चार जणांनी भेटायचे ठरवले तर ते वर्षानुवर्षे चालते. न गेल्यास दुसऱ्या दिवशी 'काल कुठे होतास?' असे विचारणारा माणूस तिथे असतो.

सणवारही आपल्याकडे हेच काम करतात, हे २०२० ने दाखवून दिले. मार्चच्या २५ तारखेला देश बंद झाला आणि २६ एप्रिलला अक्षय तृतीया आली. बाहेरच्यांसाठी तो सोने खरेदीचा मुहूर्त; खान्देशात ती आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस होतो. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे सुरू होते. शेतकऱ्याच्या वर्षाचे हे बिजागर. त्या वर्षी लेकी आल्या नाहीत. सालाचे बोलणे फोनवर उरकले. पुढे आषाढीला मुक्ताईच्या पादुका मुक्ताईनगरहून बसने पंढरपूरला गेल्या आणि वर्षानुवर्षे पायी जाणारे वारकरी घरी बसले. रोगाची भीती, हाताला काम नाही, हे सारे होतेच. पण नुसता दिवस कोणता हे विसरायला होते, अशी तक्रार तेव्हा धडधाकट, पोटापाण्याची ददात नसलेल्या माणसांनीही केली. वार आणि सण हरवले की काळाला खुणा उरत नाहीत, आणि खुणा नसलेला काळ फार जड जातो.

आता प्रश्न असा की घरच्यांनी काय करायचे. 'मन रमव, कशात तरी गुंतव' हा सल्ला निरुपयोगी आहे. उदास माणसाला नेमके तेच जमत नसते. मानसोपचारात एक साधी आणि तपासून पाहिलेली रीत आहे: इच्छा होण्याची वाट पाहायची नाही, आधी छोटी कृती ठरवायची, इच्छा मागून येते. म्हणून 'तुम्ही वाचनालयात जात चला' असे म्हणण्यापेक्षा 'मंगळवारी चार वाजता मी येतो, आपण व. वा. वाचनालयात जाऊ' असे म्हणावे आणि जावे. नातवाला शाळेतून आणण्याचे काम आजोबांकडे द्यायचे तर पूर्ण द्यावे, पाऊस आला म्हणून परस्पर रिक्षा पाठवू नये. बाग गेलेल्या शेतकऱ्याला धीर द्यायला येणारे लोक पहिल्या आठवड्यात खूप असतात. 'कसं शे?' 'बरं शे.' एवढ्यावर गाडी वळते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बांधावर कुणी येत नाही, आणि खरी गरज तेव्हाच असते. दुसऱ्याच्या शेतात दोन तास मदतीला बोलावणे हा त्या काळात चांगला धीर असतो.

बायकांच्या बाबतीत मारिएनथालचा दाखला अर्धाच लावावा. काम सुटत नाही म्हणून त्या सावरलेल्या दिसतात, पण नवरा निवृत्त होऊन घरी बसला की दिनक्रम त्यांचाही मोडतो. दुपारची एक ते तीन ही त्यांची हक्काची वेळ असे. शेजारीण, मालिका, पापड-कुरडयांचे वाळवण, थोडे पडणे. आता त्या वेळेत चहाची फर्माईश होते आणि डब्यांवर लेबले लावण्याच्या सूचना येतात. निवृत्त गृहस्थांनी घराबाहेर दोन तास काढावेत, याची गरज कधी कधी त्यांच्यापेक्षा घराला जास्त असते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सकाळी फुलांचा फोटो टाकल्याने हे साधत नाही, हेही म्हटले पाहिजे. त्या गटात तुम्ही आज नव्हतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मात्र इथपर्यंत सांगितलेल्या गोष्टीला एक मर्यादा आहे, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नियमित काम, लोकसंग्रह, लेखन, मुलांचे प्रेम यांतले साने गुरुजींकडे काय नव्हते? तरीही ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले आयुष्य संपवले. असे का झाले याची सोपी उत्तरे शोधू नयेत. एवढेच लक्षात ठेवावे की दिनक्रम आधार देतो, आजार बरा करतोच असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीतला रस गेला असेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण घरादाराला ओझे झालो असे वाटत असेल, तर तो डॉक्टरांकडे जायचा विषय आहे. जगणे नकोसे वाटते असे कुणी बोलून दाखवले तर दोन आठवडेही थांबू नये, त्याला एकटे सोडू नये. तसा प्रश्न थेट विचारल्याने मनात विचार घुसतो, हा गैरसमज आहे. विचारल्याने माणूस बोलता होतो. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आपल्याकडे अडते ते इथेच. मानसोपचार म्हटले की लोकांना अजून ठाणे किंवा येरवडा आठवते. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात एकही नाही. त्यामुळे हा आजार दूरच्या गावाला नेऊन सोडण्याचा, अशी समजूत घट्ट झाली. प्रत्यक्षात बहुतेकांना भरती व्हावे लागत नाही. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे केसपेपर काढून तपासणी होते. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले होते की दर दहा प्रौढांमागे किमान एकाला उपचारांची गरज आहे, आणि वेगवेगळ्या आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी. कापूस इथेही पिकतो, बोंडअळी इथेही येते, पाऊस इथेही दडी मारतो. पण त्या यादीत खान्देश नव्हता.

मोठ्या घोषणांची आम्हाला अपेक्षा नाही. पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्याच्या मागोमाग तिसऱ्या आठवड्यात आशाताईंनी त्या घरी एक फेरी मारावी, झोप लागते का एवढे विचारावे आणि गरज दिसली तर पुढे पाठवावे. निवृत्तीच्या कागदपत्रांत आरोग्य तपासणीबरोबर मनाची विचारपूसही असावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तालुक्याला जाऊन तपासणी करणे अपेक्षितच आहे. चोपडा, रावेर, साक्री, शिरपूर अशा ठिकाणच्या रुग्णालयांत मानसोपचाराच्या ओपीडीचा वार कायमचा ठरवून द्यावा. तो दारावर मोठ्या अक्षरांत लिहावा, बाजारच्या दिवसाला जोडून ठेवावा म्हणजे गावाकडच्या माणसाला वेगळे कारण सांगावे लागणार नाही, आणि डॉक्टर रजेवर गेले तरी त्या दिवशी खुर्ची रिकामी राहणार नाही याची जबाबदारी दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांनी घ्यावी.